‘पुस्तक तं मी कवाच वापस देल्लं’ : गावच्या वाचनालयातल्या वादाच्या नोंदी कशा सोडवायच्या

वहीत पुस्तक सभासदाच्या नावावर आहे. सभासद टेबलासमोर उभा राहून म्हणतो, “ते पुस्तक तं मी कवाच वापस देल्लं जी.” अशा वेळी नव्या ग्रंथपालाचा हात आपोआप वहीकडे जातो, बोट नावावर टेकतं, आणि तिथून पुढचं बोलणं पुस्तकाचं न राहता इज्जतीचं होऊन बसतं. लहान गावात हे परवडत नाही. ज्याला आज चार लोकांसमोर खोटं पाडलं तो उद्या आठवडी बाजारात भेटणार, त्याची सून बचत गटात आपल्या घरच्यांच्या शेजारी बसणार. पुस्तक दोनशे रुपयांचं असतं, पण त्या घरातली पोरं वाचनालयाकडे फिरकेनाशी होतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नोंद आपण लिहिलेली असते, म्हणून शंका आधी नोंदीवर घ्यायची, मग कपाटावर, आणि सभासदावर सगळ्यात शेवटी. यात चांगुलपणा दाखवायचा हेतू नाही. चूक बहुतेक वेळा टेबलावरच सापडते आणि तिथे शोधायला पैसा लागत नाही, एवढंच कारण. आपल्याकडे शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातलं वाचनालय सहसा ‘क’ किंवा ‘ड’ या खालच्या वर्गातलं, तिथे ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामं करणारा माणूस बहुधा एकच. त्यात संध्याकाळी एकदम दहा जण आले की नोंदी कशा होतात हे ज्यानं केलं त्यालाच माहीत.

तक्रार नेमकी काय आहे ते ऐकून घ्या

“माझ्या नावावर चुकीचं आहे” या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि चारही सोडवायची रीत वेगळी असते. पहिली, पुस्तक नेलं होतं पण परत दिलं. दुसरी, ते पुस्तक नेलंच नाही. तिसरी, माझ्या नावावर दुसऱ्यानं नेलं. चौथी, पुस्तक दिलं, पण तुम्ही म्हणता तेवढा उशीर झाला नव्हता, किंवा पान आधीपासूनच फाटलेलं होतं. सभासदाला मध्येच तोडू नका. पूर्ण बोलू द्या आणि त्याच्यासमोरच एका वेगळ्या वहीत लिहा: तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक (दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला मिळालेला वेगळा क्रमांक), आणि सभासद काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत. “मागच्या पोळ्याच्या आधी आणून दिलं, तवा टेबलावर तुम्ही नव्हते, दुसरा पोरगा होता” असं तो म्हणाला तर तसंच लिहा. पुढे याच बारीक गोष्टीवरून सुगावा लागतो. पोळ्याच्या आधीचा आठवडा आणि टेबलावर कोण बसलं होतं, एवढं कळलं तरी शोध निम्म्यावर येतो.

मग त्याला दोनच गोष्टी सांगा. आजपासून या पुस्तकावरचं विलंब शुल्क थांबवलं आहे, आणि मी शोधून तुम्हाला अमुक तारखेपर्यंत कळवतो. तारीख १५ दिवसांपुढची देऊ नका. “पाहून घेऊ” असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

पुरावा कुठे मिळेल हे नोंदीच्या पद्धतीवर आहे

तुमच्या वाचनालयात देवघेवीची कोणती पद्धत चालते हे नीट समजून घेतलं नसेल तर आधी ते करा. गावोगावी तीन-चार प्रकार दिसतात.

सर्वात जास्त चालते ती रोजच्या देवघेवीची वही. तारीख, सभासदाचं नाव, पुस्तक, सही, आणि पुस्तक आलं की त्या ओळीवर काट मारून ‘जमा’. हिच्यात दिवस सापडतो, पण एकाच माणसाकडे काय काय आहे हे काढायला पानं उलटत बसावं लागतं. दुसरी खातेवही, एका सभासदाला एक पान. हिच्यात माणूस लगेच सापडतो, पण एखादं पुस्तक आत्ता कोणाकडे आहे ते सापडत नाही. वाद आला की दोन्ही बाजूंनी बघावं लागतं, म्हणून खातेवही वापरत असाल तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी फार मोलाची. तिच्यावर तारीख टाकायचा कंटाळा करू नका.

काही जुन्या, मोठ्या वाचनालयांत अजून कार्डांची पद्धत आहे. नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपालाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत जितकी पुस्तकं न्यायची मुभा तितकी खिशासारखी कार्डं सभासदाकडे असतात. पुस्तक देताना पुस्तकाचं कार्ड सभासदाच्या कार्डाच्या खिशात घालून ते आपण ट्रेमध्ये ठेवतो, पुस्तक परत आलं की सभासदाचं कार्ड त्याला देऊन टाकतो. काम झपाट्यानं होतं, पण परत देणं झाल्यावर मागे काहीच लेखी उरत नाही. तरी वादाच्या वेळी ही पद्धत एक सोपं उत्तर देते: कार्ड सभासदाच्या हातात असेल तर पुस्तक परत आलेलं आहे. आता गंमत बघा, हरवतात म्हणून आपल्याकडे कित्येक ठिकाणी ही कार्डं वाचनालयातच ठेवून घेतात. तसं केलं की सभासदाचा एकुलता पुरावा आपल्याच ड्रॉवरमध्ये जातो. अशा वेळी कार्ड ट्रेमध्ये आहे म्हणून पुस्तक त्याच्याकडेच आहे असा अर्थ काढू नका. न्यूअर्क नावाच्या दुसऱ्या कार्ड-पद्धतीत मात्र सभासदाच्या कार्डावर आणि पुस्तकाच्या कार्डावर, दोन्हीकडे तारीख पडते, त्यामुळे इतिहास शिल्लक राहतो. दोन कार्डांवरच्या तारखा जुळत नसतील तर चूक टेबलावर झाली आहे.

संगणक असेल तर पुस्तकाचा देवघेव इतिहास आणि सभासदाचा इतिहास दोन्ही उघडून शेजारीशेजारी बघा. आणखी एक गोष्ट तपासा, त्या दिवशी लाइट होती का. भारनियमनाच्या वेळी पुस्तकं कागदावर टिपून ठेवायची आणि लाइट आली की संगणकावर चढवायची, असं सगळेच करतात. दिलेली पुस्तकं न विसरता चढवली जातात, कारण माणूस समोर थांबलेला असतो. परत आलेल्यांचा कागद वहीखाली राहून जातो.

नोंदीतल्या नेहमीच्या चुका

इथे जरा वेळ घालवा. निम्मे वाद इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे.

आकड्यांचा घोळ पहिला. एक जण वहीत मराठी आकडे लिहितो, त्याच्या जागी सुटीत बसलेला कॉलेजचा पोरगा इंग्रजी. इंग्रजी नऊ आणि मराठी एक हे हातानं घाईत लिहिले की एकमेकांसारखेच दिसतात. मग दाखल क्रमांक १२४ की ९२४, यावर एका माणसाची इज्जत टांगलेली राहते. शंकेचा प्रत्येक आकडा दोन्ही प्रकारे वाचून बघा आणि दोन्ही क्रमांकांची पुस्तकं कपाटात शोधा. दाखल वहीतून दोघांची नावं काढा. सभासद कधीच कादंबरी वाचत नाही आणि नावावर कादंबरी आहे, एवढ्यावरूनही कधी कधी कळतं.

दुसरा घोळ नावांचा. आपल्याकडे गावात दोन-तीन आडनावांचेच लोक जास्त. त्यात प्रमोद नावाचे चार, आणि वहीत नुसतं आडनाव आणि ‘प्र.’ लिहिलेलं. वडिलांचं नाव किंवा सभासद क्रमांक नसेल तर त्या नोंदीला पुरावा म्हणायचं मला धाडस होत नाही.

तिसरी चूक जोडीनं येते आणि नवे लोक ती निम्मीच पकडतात. समजा एका चरित्राच्या दोन प्रती आहेत, दाखल क्रमांक १८४३ आणि १८४४. निवृत्त गुरुजींनी १८४३ नेली, शेजारच्या वाडीतल्या ताईंनी १८४४. गुरुजींनी पुस्तक आणून दिलं. टेबलावरच्यानं नुसतं नाव बघितलं, क्रमांक बघितला नाही, आणि वहीत वरची ओळ ताईंची होती तिच्यावर काट मारली. आता वही म्हणते गुरुजींकडे पुस्तक आहे आणि ताई मोकळ्या. खरं उलट आहे. गुरुजींना स्मरणपत्र गेलं की ते चिडतात, ताईंना काहीच जात नाही म्हणून त्यांचं पुस्तक घरीच राहतं. हे पकडायचं कसं? कपाटात १८४३ सापडली आणि वहीप्रमाणे जमा असलेली १८४४ सापडली नाही की झालं. पण नुसती गुरुजींची नोंद दुरुस्त करून थांबलात तर १८४४ कायमची गहाळ. म्हणून एका पुस्तकाच्या एकाहून जास्त प्रती असतील तर सगळ्या प्रती एकाच वेळी तपासायच्या. मग ताईंकडे जाताना “तुम्ही पुस्तक दिलंच नाही” असं म्हणू नका. “आमच्याकडून चुकून तुमच्या नावावर काट पडली, पुस्तक तुमच्याकडे असेल तर बघता का?” असं विचारा.

दुरुस्ती करताना जुनी नोंद खोडून काढायची नाही, व्हाइटनर तर वहीजवळही येऊ द्यायचं नाही. एक सरळ रेघ, वर बरोबर क्रमांक, तारीख आणि आपली सही.

कपाट कसं शोधायचं

पुस्तकाच्या नावानं शोधू नका, दाखल क्रमांकानं शोधा. आणि जागेवर नसेल तर लगेच “नाही” म्हणू नका. परत आलेलं पण नोंद न झालेलं पुस्तक कुठे जातं हे ठरलेलं आहे. बांधणीला काढलेला गठ्ठा. टेबलाखालचा, ‘नंतर लावू’ म्हणून ठेवलेला ढीग. वाळवी लागली म्हणून बाजूला काढलेली पुस्तकं. पावसाळ्यात कौलातून किंवा पत्र्यातून गळायला लागलं तेव्हा घाईत हलवलेलं कपाट, ज्यातली पुस्तकं अजून भलत्याच क्रमानं लागलेली आहेत. बालविभाग, कारण पातळ पुस्तक दिसलं की कोणीही ते तिथे सरकवतं.

आणि प्रदर्शनं. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीचं, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचं, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं. पुस्तकं शाळेत नाहीतर बुद्धविहारात मांडली जातात, परत येताना एखादं खोकं तिथंच राहतं. वाद आलेल्या पुस्तकाचा विषय आणि प्रदर्शनाची तारीख जुळत असेल तर आधी शाळेत फोन करा.

एक जागा लिहायला संकोच वाटतो, पण लिहितोच: कार्यकारी मंडळाच्या सदस्यांची घरं. “मी वाचून देतो, माझ्या नावावर टाकायची गरज नाही” म्हणून परत आलेलं पुस्तक टेबलावरूनच उचलून नेलेलं असतं. नव्या माणसाला अध्यक्षांना विचारायला अवघड जातं. तेव्हा एकट्याला विचारू नका. मंडळाच्या बैठकीत “खालील पुस्तकं सापडत नाहीत, कोणाकडे नजरचुकीनं गेली असल्यास” अशी यादी सगळ्यांपुढे ठेवा. यादीत वादातलं पुस्तक इतर सात-आठ पुस्तकांच्या मध्ये घाला. पुस्तक बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पोराच्या हाती येतं. पोराला काही विचारू नका.

सभासदाशी बोलणं

टेबल आणि कपाट दोन्ही तपासून झाल्याशिवाय सभासदाला घरी शोधायला सांगू नये. तपासून झालं की मग सांगायला आपल्याला तोंड असतं: “काकाजी, मी सगळीकडे पाहिलं, बांधणीचा गठ्ठाही पाहिला, सापडलं नाही. एकदा घरीही पाहता का? आणखी कोण वाचते घरी?” शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. उत्तर बऱ्याच वेळा असं येतं, “माह्या पोट्ट्यानं नेलं असन नागपूरले.” पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी यांची पुस्तकं अशीच फिरतात. आजोबांच्या नावावर नातू नेतो, नातवाकडून त्याचा खोलीतला दोस्त, आणि दोस्त परीक्षा झाली की गावी जातो. यात आजोबांना खोटं म्हणण्यासारखं काहीच नसतं, त्यांनी ते पुस्तक पाहिलेलंही नसतं. नियमानं जबाबदारी ज्याचं सभासदत्व त्याची, हे सांगायचंच, पण फोन नातवाला करायचा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत याचा एक खास प्रकार आहे. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावच्या हौशी मंडळातला एक जण आपल्या नावावर नाटकाचं पुस्तक नेतो. तालमीत ते दहा हातांतून जातं, कोणी झेरॉक्स काढायला वडसा किंवा ब्रह्मपुरीला नेतं, आणि होळी येते तेव्हा ज्याच्या नावावर ते आहे त्याला खरोखरच ठाऊक नसतं की ते परत गेलं की नाही. अशा वेळी त्याला एकट्याला न विचारता मंडळाच्या दिग्दर्शकाला विचारा. पुढच्या हंगामापासून नाटकं मंडळाच्या नावावर, दोघांच्या सह्या घेऊन द्या.

बोलणं कुठे करायचं यालाही महत्त्व आहे. पानठेल्यावर नाही, बाजारात नाही, ग्रामसभेत तर नाहीच. आणि थकीत सभासदांची यादी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. टाकणारे म्हणतात, पुस्तकं पटापट येतात. येतातही, आणि त्याबरोबर सभासदही जातात. फोनवर घरच्या दुसऱ्या कोणाला पुस्तकाचं नाव सांगू नका. एखाद्या मुलीनं घटस्फोटाच्या कायद्यावरचं किंवा आजारपणावरचं पुस्तक नेलेलं असतं, ते तिच्या भावाला आपल्याकडून कळायला नको. “वाचनालयाचं काम आहे, सवडीनं या म्हणा,” एवढंच पुरे.

वेळेचं भान ठेवा. अमरावती, यवतमाळ, अकोल्याकडे कापसाची वेचणी जोरात असताना, किंवा पूर्वेकडे धान कापणीला आलेलं असताना माणूस दिवस मावळल्यावर घरी येतो. तेव्हा “१५ दिवसांत शोधा” म्हटलं तर तो शोधणार नाही, आणि त्याचा राग मात्र येईल. अशा वेळी महिनाभर द्या.

निकाल कसा द्यायचा

‘नेलंच नाही’ असं सभासद म्हणत असेल तर प्रश्न फक्त सहीचा आहे. देताना घेतलेली सही असेल तर ती त्याला दाखवा, आरोप म्हणून नव्हे, आठवण म्हणून. घरातल्या दुसऱ्याची सही निघते आणि तिथंच उलगडा होतो. सही नसेल तर वाद वाचनालयानं हरला असं समजून नोंद काढून टाका. आपणच सही घेतली नाही, तिचा भुर्दंड दुसऱ्याला कशाला?

‘परत दिलं’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत, पहिलीच वेळ असेल तर मी सभासदाचा शब्द मानतो. नोंद बंद नाही करत, पण त्याच्या खात्यावरून काढून ‘परत दिल्याचा दावा’ अशा वेगळ्या यादीत टाकतो. पुस्तक आता सभासदाकडे नाही, आणि गहाळही नाही, मधल्या अवस्थेत आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि जगभर फुकट वापरली जाणारी कोहा ही ग्रंथालय प्रणाली हेच करते. तिच्यात अशा दाव्याची वेगळी सोय आहे. कर्मचारी दावा नोंदवतो, कारण लिहितो, शुल्क लावायचं की नाही ते वाचनालय आधी ठरवून ठेवू शकतं, आणि एकाच सभासदाचे दावे ठरवलेल्या संख्येपुढे गेले की प्रणाली कर्मचाऱ्याला सूचना देते. दावा मिटवताना पुस्तक ग्रंथालयातच सापडलं की वाचकानं आणून दिलं, हेही नोंदवता येतं. हे सगळं शंभर पानी वहीत करता येतं. रकाने तेवढेच ठेवा, शेवटचा रकाना ‘कुठे सापडलं’ याचा. वर्षभरानं तो रकाना वाचला की आपल्या वाचनालयात गळती नेमकी कुठे आहे ते दिसतं.

दाव्याच्या यादीतलं पुस्तक महिन्यानं पुन्हा शोधायचं, आणि मग वार्षिक ग्रंथ पडताळणीत तिसऱ्यांदा. मधल्या काळात सभासदाची देवघेव बंद करू नका. फार तर एका वेळी एकच पुस्तक द्या. खातं गोठवणं ही शिक्षा झाली, आणि अजून काही सिद्ध झालेलं नाही.

दुसऱ्यांदा दावा आला तर पुन्हा मानायचा, पण तेव्हा बसून बोलायचं: पुस्तक कोणाच्या हाती पाठवता, कधी पाठवता. तिसऱ्यांदा आला तर निर्णय तुमचा राहू देऊ नका. सगळे कागद मंडळापुढे ठेवा. काही लोक सवयीनं असं करतात, हे मीही पाहिलं आहे. पण ते थोडे असतात आणि दाव्यांची वही त्यांना तीन वेळांत उघडं पाडते, आपल्याला तोंड वाईट करावं लागत नाही.

उशिराच्या तारखेचा वाद असेल तर फार ताणू नका. पाच-दहा रुपयांचा प्रश्न असतो, तारखांच्या चिठ्ठीवर स्पष्ट शिक्का नसेल तर सोडून द्या. फाटलेल्या पानाचंही तेच. देताना चिठ्ठीवर पेन्सिलनं ‘पान ४१ फाटलेलं’ लिहिलेलं असेल तर बोला, नाही तर गप्प बसा.

पैसे आणि दाखल नोंदवही

पुस्तक हरवलं हे सभासदानं स्वतः मान्य केलं, तरच पैशाचं बोला. आधी तेच पुस्तक आणून द्यायला सांगा, जुनी प्रत चालेल. बाजारात नसेल तर नियमावलीप्रमाणे किंमत घ्या आणि लगेच पावती फाडा. पावतीवर दाखल क्रमांक हवाच. पुढे ते पुस्तक वाचनालयातच सापडलं तर पैसे स्वतः होऊन परत करा, सभासद मागायला येईपर्यंत थांबू नका.

किंमत ग्रंथपालाच्या मानधनातून कापून घ्यायची प्रथा काही ठिकाणी आहे. तुटपुंज्या मानधनातून ती कापली की माणूस पुढच्या वेळी सभासदावरच सगळं ढकलतो, कारण त्याला स्वतःचा खिसा वाचवायचा असतो. नव्यानं रुजू होताना हा मुद्दा मंडळाशी स्पष्ट करून घ्या. उघड्या कपाटांच्या वाचनालयात थोडी पुस्तकं दरवर्षी जाणारच, हे मंडळानंही मान्य केलं पाहिजे.

दाखल नोंदवहीतली ओळ मात्र आपल्या मनानं कधीही काटू नका, आणि तो क्रमांक नव्या पुस्तकाला देऊ नका. पडताळणीत पुस्तक मिळालं नाही तर ते गहाळ यादीत जाईल. मंडळाचा ठराव झाला की शेऱ्याच्या रकान्यात ठराव क्रमांक आणि तारीख पडेल. पुस्तकं बाद करण्याची रीत काय, किती पुस्तकांना कोणाची परवानगी लागते, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनुदान त्याखालच्या नियमांवर चालतं. तपासणीला आलेले अधिकारी आधी दाखल नोंदवही उघडतात.

वाद कमी येतील असं टेबल

पुस्तक परत घेताना दाखल क्रमांक मोठ्यानं वाचा आणि सभासदाच्या डोळ्यांदेखत काट मारा. “ठेवून द्या, मी नंतर मारतो” हे वाक्यच टेबलावरून हद्दपार करा. सभासद घाईत असला तरी थांबवा. वहीत ‘देणाऱ्याचं नाव’ असा एक रकाना वाढवा, कारण पुस्तक बहुधा सभासद आणत नाहीच. शेजारीण आणते, शाळेत जाणारं पोट्टं आणतं, तालुक्याहून येणाऱ्या एसटीत कोणाच्या तरी हाती पाठवलं जातं. वाचनालय बंद असताना बाजूच्या किराणा दुकानात पुस्तकं ठेवली जात असतील तर दुकानदाराला एक छोटी वही द्या आणि रोज उघडल्याबरोबर आधी तिथली पुस्तकं घेऊन या.

सुटीत दुसऱ्याला बसवायचं असेल तर त्याला देवघेव शिकवा, नुसती किल्ली देऊ नका. आकडे मराठी की इंग्रजी, एकच प्रकार ठरवून टेबलावर चिठ्ठी लावा. रोज बंद करायच्या आधी, आलेली पुस्तकं कपाटात लावताना प्रत्येकाची काट पडली का ते बघा. पुस्तक कपाटात जाण्याआधीची ही शेवटची संधी, यानंतर त्याचा शोध म्हणजे कडब्याच्या गंजीत विळा शोधणं.

शेवटचं, पदभाराबद्दल. ग्रंथपाल बदलतो तेव्हा पुस्तकांची मोजणी होते, किल्ल्या आणि शिक्के दिले-घेतले जातात, पण अर्धवट राहिलेल्या दाव्यांबद्दल कोणी बोलत नाही. जुना माणूस गेला की ज्याचा दावा त्यानं तोंडी मानला होता त्या सभासदाला नवा माणूस पुन्हा स्मरणपत्र पाठवतो. म्हणून पदभार घेताना दाव्यांची वही मागा. नसेल तर जुन्या ग्रंथपालाला जवळ बसवून थकीत यादी एकेक नाव घेत वाचा, आणि तो ज्या नावावर “हे राहू द्या, हे मिटलं आहे” म्हणेल तिथे तेव्हाच त्याची सही घ्या.